सहीच्या आधी काय बघितलं

११ जानेवारी, शनिवार

ताईस,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. पाकिटावरचा पत्ता मुद्दाम टाइप केलाय. माझं अक्षर दिसलं असतं तर तू न उघडताच परत धाडलं असतंस. आता उघडलंच आहेस तर वाचून टाक. पुढे एक प्रश्न आहे आणि तो माझा नाही.

परवा दुपारी दुकानात वहिनी आल्या होत्या. पाण्याचे पंप दुरुस्त करणाऱ्या पंपवाल्याची बायको. तू त्यांना फक्त पेपरातल्या फोटोत पाहिलंयस. मी त्यांना वहिनी कधीपासून म्हणायला लागलो ते विचारू नकोस, समोर उभ्या राहिल्या आणि तोंडातून तेच निघालं. हॉस्पिटलच्या कागदांच्या झेरॉक्स हव्या होत्या, अकरा पानं. गोळी लागल्यापासून त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही. पिशवीतून डाव्या हाताने कागद काढेपर्यंत वेळ लागला आणि मी मख्खासारखा मशीनकडे बघत उभा राहिलो.

झेरॉक्स घेतल्या, नीट घडी केली, पिशवीत ठेवल्या आणि म्हणाल्या, "एक विचारू का? राग मानू नका. यांच्या बंदुकीच्या अर्जावर तुमची आणि तुमच्या बहिणीची सही होती ना. तर सही करायच्या आधी तुम्ही दोघांनी काय बघितलं होतं?"

ताई, त्या भांडायला आल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. भांडणासाठी माझं उत्तर तयार आहे, दोन वर्षं घोकलंय. पण मी गिऱ्हाइकाला 'फोटो किती प्रती हव्यात' विचारतो ना, तितक्या साधेपणाने विचारलं त्यांनी. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "बहिणीला विचारून सांगतो." बोलून गेलो आणि मग आठवलं की आपण बोलत नाही.

अर्जातला मजकूर तुला आठवत नसेल म्हणून लिहितो. माझ्याकडे कोरे अर्ज गठ्ठ्याने आहेत, परवाना कार्यालय समोरच असल्यावर दुसरं काय असणार. 'अर्जदारास आम्ही किमान पाच वर्षे ओळखतो. तो शांत स्वभावाचा असून त्याच्या घरी कलह नाही, याची आम्हांस खात्री आहे.' खाली दोन ओळखदारांच्या सह्या. पहिली तुझी, शाळेच्या शिक्क्यासकट. दुसरी माझी.

माझं सांगतो. मी तुझी सही बघितली. मुख्याध्यापिकेची सही असल्यावर त्याखाली फोटोवाल्याने आणखी काय बघायचं? वहिनींना तर मी त्याआधी कधी पाहिलंही नव्हतं. झालं माझं. आता तू सांग.

घाई एवढ्यासाठी की बंदुकीच्या कायद्यात बदल सुचवायला सरकारने समिती नेमली आहे आणि ती एकवीस फेब्रुवारीला आपल्या नगरभवनात बसणार आहे. कोणीही यावं, तीन मिनिटं बोलावं, यायचं नसेल तर लेखी द्यावं. समितीपुढे दोन सूचना आहेत. एक अशी, की ओळखदार काढून टाका, पंधरा दिवसांत परवाना द्या. दुसरी अशी, की परवाना देण्याआधी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला वेगळं बसवून विचारा. वहिनींना दुसरी हवी आहे. त्यांचं म्हणणं, आपण दोघांनी तिथे जाऊन फक्त खरं काय झालं ते सांगावं. बाकी त्या बघून घेतील.

तुझं,
चौकशीखातं
(हे नाव तूच ठेवलंस, दुसऱ्या कुणाला वापरू देत नाही.)


२४ जानेवारी, शुक्रवार

ताई,

माझंच पत्र परत आलं, लाल शाईने बावीस चुका काढून. खाली शेरा : 'वाक्ये सैल. मुद्दा शेवटी.' प्रश्नाचं उत्तर मात्र कुठेच नाही. मी पान उलटंपालटं करून बघितलं. चुका सगळ्या बरोबर काढल्यास, पण वहिनींना मी त्या नेऊन दाखवू का? दोन वर्षांनी तुझं अक्षर दिसलं, बरं वाटलं, हे मात्र लपवत नाही.

तू उत्तर देईपर्यंत मला स्वस्थ बसवत नाही, म्हणून मी एक उद्योग सुरू केलाय. बंदुकीच्या अर्जासाठी जो कोणी फोटो काढायला येतो त्याला 'मान जरा डावीकडे' म्हणताना हळूच विचारतो, कशाला हवी? कॅमेऱ्यासमोर बसलेला माणूस उत्तर देतोच, उठून जाता येत नाही ना. उत्तरं मी खराब झालेल्या झेरॉक्सच्या पाठीवर लिहून ठेवतो. तेवीस झाली. बारा जण म्हणाले चोर. पाच जण म्हणाले वडिलांची आहे, ठेवायची म्हणून ठेवायची. तिघांच्या शेजाऱ्यांनी घेतली आहे. एक जण म्हणाला, लोक नीट बोलतात. एक म्हणाला, "बायकोचा आग्रह." बायको शेजारच्या खुर्चीतच होती. ती म्हणाली, "माझा? कधी?" आणि मग दोघंही माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मीच काहीतरी बोललो. तेविसाव्याने मलाच विचारलं, "तुम्हाला काय करायचंय?" अगदी तुझ्यासारखा.

दुकानात रोज वादावादी चालते. तू असतीस तर सगळ्यांना बाकावर उभं केलं असतंस. टायरवाला बंदुकीच्या बाजूचा. त्याचं दुकान दोनदा फुटलंय. दुसऱ्या वेळी तो आतच होता, टायरांच्या चळतीमागे जॅकचा दांडा हातात धरून बसला होता. पोलीस आले चाळीस मिनिटांनी. तो म्हणतो, "ती चाळीस मिनिटं तुम्ही बसून बघा, मग मला कायदा शिकवा."

निवृत्त पोस्टमास्तर दुसऱ्या बाजूचे. ते म्हणतात, आपल्या रस्त्यावर अकरा खांब आहेत आणि दिवे चार. गोदाम बंद पडलं तेव्हा दोनशे माणसं घरी बसली, त्यांच्यासाठी काही केलं का? दिवे लावा, माणसांना काम द्या, चोऱ्या निम्म्या होतील. टायरवाला म्हणतो, होतील हो, पण दिवे लागेपर्यंत मी काय करू? पोस्टमास्तर म्हणतात, दांडा जरा मोठा घे. मग दोघं हसतात आणि चहा मागवतात. मला दोघांचंही पटतं, म्हणून मला दोघंही शिव्या घालतात.

वकीलबाई कागद घ्यायला आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला एवढंच सांगा, गेल्या वर्षी परवान्याच्या बंदुकीने किती चोर पळाले आणि घरातली किती माणसं जखमी झाली?" मला राहवेना. मी तसाच रस्ता ओलांडून कार्यालयात गेलो आणि कारकुनाला विचारलं. त्याने मोठी वही काढली, पानं चाळली, चष्मा वर केला आणि म्हणाला, "असा रकाना नाही." मी म्हटलं, कुठला? म्हणाला, "दोन्ही."

मला हसू आलं आणि मग मी वहीतले रकाने वाचले. बंदुकीचा नंबर आहे, नळीची लांबी आहे, फोटोचा आकार मिलिमीटरमध्ये आहे. घरात काय चालतं याची जबाबदारी सगळी आपल्या दोन सह्यांवर होती, ताई. म्हणून पुन्हा विचारतो. तू काय बघितलं होतंस?

तुझं,
चौकशीखातं


७ फेब्रुवारी, शुक्रवार

ताई,

तुझं पत्र मिळालं. चारच ओळी, पण झोंबल्या. 'मी त्या प्रश्नाला बांधील नाही. माझी नोकरी एक वर्ष उरली आहे. समितीपुढे माझे नाव घेतलेस तर मला भाऊ नाही असे समजेन. बाकी त्या दिवशी तू काय म्हणाला होतास ते आठव.'

वाचून मी भडकलो. दुकान बंद करून पुलापर्यंत चालत गेलो आणि वाटेत तुला काय काय बोललो ते पुलाला माहीत. नाव घेतलेस तर म्हणजे काय? नाव अर्जावर आहेच, माझ्या नावाच्या वर. पहिली सही तुझी नसती तर मी दुसरी केली नसती. हे मी पोलिसांना सांगितलं, पेपरवाल्याला सांगितलं, आरशातही सांगितलं. तुझी बदली झाली आणि तू मला दोष देऊन निघून गेलीस. माझ्या सहीला शिक्का नाही, तुझ्या सहीला आहे, म्हणून विश्वास तुझ्यावर ठेवला. चुकलं का माझं?

एवढं लिहून उठलो होतो. चहा घेतला, पुन्हा बसलो. आता दुसरी बाजू लिहितो, नाहीतर तू म्हणशील हा एकाच डोळ्याने बघतो.

बदली तुझी झाली. माझं काही झालं नाही. लोक पंधरा दिवस कुजबुजले आणि मग पुन्हा फोटो काढायला यायला लागले. फोटोवाल्याकडून कोणी फार अपेक्षा ठेवत नाही, मुख्याध्यापिकेकडून ठेवतात. तेवीस वर्षांची शाळा तुला चार दिवसांत सोडावी लागली. सामान टेम्पोत चढवताना मी आलो नाही. गल्लीच्या तोंडाशी होतो, पानवाल्याच्या टपरीमागे. तू कपाट स्वतः उतरवलंस ते बघितलं. तेव्हा यायला हवं होतं.

पंपवाल्याचंही सांगतो, कारण लोक हल्ली त्याच्याबद्दल बोलतात ते मला ओळखू येत नाही. त्याच्या दुकानातली तांब्याची केबल तीनदा चोरीला गेली होती, हे खरं होतं. बोलायचा कमी, काम चोख. तुझ्या शाळेचा पंप त्यानेच चालू केला. माझ्याकडे आला की पैशाची घासाघीस नाही, आवाज चढवणं नाही. असा माणूस रविवारी दुपारी चार वाजता, शिलाई मशीनचा आवाज बंद कर म्हणाला आणि तिने शेवटची शिवण मारून घेते म्हटलं, म्हणून बंदूक उचलतो. एवढ्यावरून. मी त्याला शांत म्हणालो ते खोटं नव्हतं, ताई. माझ्या दुकानात तो शांतच होता.

वहिनी काल पुन्हा आल्या. उत्तर मागायला नाही, समितीला द्यायच्या अर्जाची प्रत काढायला. आता डाव्या हाताने कापड सरकवतात, म्हणाल्या, पिको जमतो, काजं जमत नाहीत. मी म्हटलं, बहिणीचं उत्तर अजून आलं नाही. त्या म्हणाल्या, "त्यांना वेळ लागेल. तुमचं काय?" मी म्हटलं, मी तर बहिणीची सही बघून केली. त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाल्या, "एवढंच?"

त्या 'एवढंच'ने माझा कालचा दिवस खाल्ला. त्या पूर्वी कधी फोटोला वगैरे येऊन गेल्या असतील म्हणा, गावातलं कोण येत नाही. पण ते काय मी लक्षात ठेवतो?

त्या दिवशी मी तुला काय म्हणालो होतो, मला खरंच आठवत नाही. तूच सांग.

तुझा भाऊ,
तू काहीही समजलीस तरी


१६ फेब्रुवारी, रविवार

ताई,

आठवलं. आणि आणखीही एक सांगायचं आहे, ते लिहायला नऊ दिवस लागले.

आधी तुझं. मी अर्ज घेऊन शाळेत आलो तेव्हा तू वेळापत्रक करत होतीस, पट्टी आणि तीन रंगांच्या पेन्सिली घेऊन. मी सहीच्या जागी नेहमीसारखी शिसपेन्सिलीची खूण करून आणली होती. गिऱ्हाइकाला मजकूर वाचायचा कंटाळा असतो, खूण दिसली की सही होते, धंद्यातली सवय. तू विचारलंस, "माणूस कसा आहे रे?" मी म्हटलं, "चांगला आहे गं. माझ्या रोजच्या पाहण्यातला आहे." तू सही केलीस. मग मी बाहेर कट्ट्यावर बसून, तुझी सही बघून, त्याखाली माझी केली. म्हणजे तू माझ्या भरवशावर आणि मी तुझ्या. गेली दोन वर्षं मी अर्धीच गोष्ट सांगत फिरलो.

आता दुसरं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं की वहिनींना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. ते लिहितानाच पेन अडखळलं होतं. मग त्यांचं ते 'एवढंच?' डोक्यातून जाईना. माझ्या कॉम्प्युटरवर दर दिवसाचे दोन कप्पे असतात. एकात कॅमेऱ्यातून आलेले मूळ फोटो, दुसऱ्यात साफ केलेले. साफ करणं म्हणजे चेहऱ्यावरची पुटकुळी, डाग, घामाची चमक पुसायची. लोक सांगत नाहीत, पण पुसलं नाही तर 'मी असा दिसतो का' म्हणून भांडतात. म्हणून मी विचारतही नाही. हात आपोआप चालतो, एका चेहऱ्याला दीड मिनिट. तेवढ्यात मी टायरवाल्याशी वाद घालत असतो किंवा चहावाल्याला हाक मारत असतो.

तो जुना महिना उघडायचं मी आठ दिवस टाळलं. रोज तारखेपर्यंत जायचो आणि बंद करायचो. शेवटी आज सकाळी उघडला. पंपवाल्याच्या अर्जावर सह्या झाल्या त्याच्या सहा दिवस आधी वहिनी माझ्या दुकानात आल्या होत्या. पासपोर्ट साइज, चार प्रती.

साफ केलेल्या फोटोत एक बाई सरळ समोर बघते आहे. चेहरा नितळ, काम चांगलं झालंय, माझंच आहे. मूळ फोटोत डाव्या डोळ्याखालून गालापर्यंत काळंनिळं आहे. सूज इतकी की डोळा अर्धा मिटलेला. साफ करताना मी तो डोळाही थोडा उघडलाय. उजव्या डोळ्यावरून नक्कल घेऊन. त्याला कसब लागतं. माझ्या लक्षात राहायला हवं होतं, आणि राहिलं नाही.

मी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि कितीतरी वेळ दोन्ही फोटो शेजारी ठेवून बघत बसलो. गावभर चौकशा करणारा मी, चोर का येतात, दिवे का लागत नाहीत, बंदूक कशाला हवी. या बाईला एकदाही विचारलं नाही, गालाला काय झालं.

ताई, हे मी तुझ्याशिवाय कोणाला सांगितलेलं नाही. आणि मला भीती वाटते आहे, समितीची नाही, वहिनींना सांगायची. उद्या जाणार आहे.

तुझा भाऊ


१९ फेब्रुवारी, बुधवार

ताई,

सोमवारी गेलो होतो. त्यांची खोली आता बाजाराच्या मागच्या इमारतीत आहे, दुसऱ्या मजल्यावर. खोली लहान, मशीन खिडकीशी, कापडाच्या गठ्ठ्यांना नंबर लावलेले. वहिनींनी मला खुर्ची दिली आणि स्वतः गठ्ठ्यावर बसल्या. मी दोन्ही फोटो छापून नेले होते. तोंडाने सांगायचं धाडस होईना म्हणून पाकीटच पुढे केलं.

त्यांनी मूळ फोटो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. मी माफी मागणार होतो, वाक्यं जुळवून नेली होती. त्याआधीच त्या म्हणाल्या, "म्हणजे हा होता तुमच्याकडे."

मी म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं?"

त्या म्हणाल्या, "त्या दिवशी मी ह्यासाठीच तर आले होते. पोलीस ठाण्यात तक्रारीला लावायला. तोंडाने सांगितलं की म्हणतात नवराबायकोचं आहे, घरी जा. फोटो असला की तसं म्हणता येणार नाही, असं वाटलं. तुम्ही पाकीट दिलंत, मी बसस्टॉपवर बसून उघडलं, तर गाल स्वच्छ."

मी साफ केलेला फोटो उलटा करून ठेवला.

"मला वाटलं तुम्ही समजून सवरून केलंय," त्या म्हणाल्या. "वाटलं, फोटोवाले सांगतायत की हे दाखवू नका. म्हणून घरी गेले."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असायला हवा होता. मी विचारलं, मग आता दोन वर्षांनी दुकानात येऊन तो प्रश्न का? त्या म्हणाल्या, "कळत नव्हतं ना, तुम्ही बघून पुसलंत की न बघता. तेवढंच राहून राहून मनात यायचं."

ताई, मी तिथे रडलो. पन्नाशी उलटलेला माणूस, लोकांच्या ब्लाउजपीसच्या गठ्ठ्यात बसून. त्यांनीच मला पाणी दिलं. मी त्यांना विचारलं, हा फोटो समितीला दाखवू का? त्या म्हणाल्या, "फोटो नको, तो मी ठेवते. तुम्ही तोंडाने सांगा."

परवा अकरा वाजता सुनावणी आहे. मी जातोय. तुला आता काही मागत नाही. प्रश्नही मागे घेतो. तू नोकरीचं शेवटचं वर्ष नीट काढ. मी फक्त माझं सांगणार आहे, पण अर्ज तिथे असणार आणि त्यावर तुझं नाव वाचलं जाणार, ते माझ्या हातात नाही. हे तुला आधी कळावं म्हणून लिहिलं. पत्र वेळेत पोचावं म्हणून तुझ्या गावच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय. तुला भाऊ नाही असं समजायचं असेल तर समज. तुझ्यावर राग धरला तो चुकीचा होता, एवढं मात्र ध्यानात ठेव.

तुझा भाऊ


२२ फेब्रुवारी, शनिवार

ताई,

कायद्याचं काय होणार ते आधी सांगतो म्हणजे तो विषय संपेल. मला माहीत नाही. समितीतल्या पाच जणांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, लिहून घेतलं, दोन महिन्यांनी अहवाल येईल म्हणे. टायरवाला बोलला, चाळीस मिनिटांचं सांगितलं. पोस्टमास्तर खांब आणि दिवे मोजून आकडे घेऊन आले होते. दोघं शेजारी शेजारी बसले होते. पुढे एकाने, प्रत्येकाच्या हातात बंदूक द्या, सगळे सुतासारखे सरळ होतील असं म्हटल्यावर टायरवालाच उठून म्हणाला, "माझ्या मेहुण्याच्या हातात नको." एवढा एकच हशा झाला सकाळभरात.

वहिनी उभं राहून बोलल्या. दीड मिनिट. म्हणाल्या, "मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं." अध्यक्षांनी विचारलं, नवऱ्याच्या भीतीने तुम्ही खोटं बोलला नसता कशावरून? हा प्रश्न मलाही पडला होता, खरं सांगतो. त्या म्हणाल्या, "कदाचित बोलले असते. पण विचारणाऱ्याने माझ्याकडे बघितलं तरी असतं." आणि खाली बसल्या.

मग कारकुनाने पंपवाल्याचा अर्ज काढला. मला वाटलं आता माझं नाव. मी चार ओळी लिहून नेल्या होत्या, त्यातली पहिली, 'मी माझ्या बहिणीची सही बघून सही केली.' ती खोटी नाही म्हणून ठेवली होती. सवय सुटत नाही. पण कारकून म्हणाला, पहिल्या ओळखदाराचं लेखी निवेदन काल संध्याकाळी हातपोच आलं आहे, ते आधी वाचतो.

तू मला कळवलं नाहीस. मला पाठवायच्या आधी तू तिकडे पाठवलंस. पाकिटावरचं तुझं अक्षर मला पाचव्या रांगेतून ओळखू आलं.

तू लिहिलेलं तुलाच पुन्हा लिहून दाखवतो, कारण कारकुनाने ते कुठलाही चढउतार न करता वाचलं आणि माझ्या कानात तसंच बसलंय. 'अर्जदारास मी शाळेचा पंप दुरुस्त करताना तीन वेळा पाहिले होते. त्याच्या घरी मी कधी गेले नाही. त्याच्या पत्नीस मी पाहिलेले नाही. अर्जावरील मजकूर मी वाचला नाही. माझ्या नावापुढे पद आणि शिक्का होता, त्यामुळे माझी चूक इतरांहून मोठी आहे. सहीआधी काय बघितले असे मला विचारण्यात आले आहे. अर्ज माझा धाकटा भाऊ घेऊन आला होता. मी भावाकडे बघितले आणि सही केली.'

मग माझं नाव पुकारलं. मी उठलो. कागद हातात होता, तीन मिनिटं होती आणि पहिलं वाक्य मला वाचता येईना. अध्यक्ष म्हणाले, "बोला, तुम्ही काय बघितलं होतं?" वहिनी तिसऱ्या रांगेत होत्या, मान वळवून माझ्याकडे बघत होत्या.

मी कागद खिशात घातला आणि म्हटलं, "बहिणीने काही बघितलं नव्हतं, साहेब. ती माझ्यावर विसंबली. मी मात्र या बाईंचा चेहरा बघितला होता, सही करायच्या सहा दिवस आधी, अगदी जवळून."

तुझा धाकटा भाऊ